थापी

आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवर हात ठेवायची. पाणी आलं, चहा झाला, पोरं पाया पडून गेली, तरी तिचं लक्ष भिंतीकडंच. बोटाच्या पेरानं टकटक करून बघणार, कोपऱ्यात वाकून ओल बघणार आणि मग घरच्या बाईला तोंडावर सांगणार, "वाळू चाळलेली नव्हती. गवंड्यानं फसवलं तुम्हाला." नव्या फ्लॅटच्या वास्तूला हे ऐकायला कुणाला आवडेल? मी तिला नेताना दारातच बजावायची, आज भिंतीचं काही बोलू नकोस. ती मान हलवायची आणि आत जाऊन तेच करायची. पिंपरी-चिंचवडमध्ये उभा जन्म तिनं डोक्यावर घमेलं वाहिलं. या शहराच्या निम्म्या भिंती माझ्या डोक्यावरून गेल्यात, असं म्हणायची. त्यात बढाई होती, पण फार नव्हती.

गेल्या पावसाळ्यात, वर्षावास चालू असताना, ती गेली. तिच्या सामानात एक लोखंडी पेटी निघाली. पेटीत बाबासाहेबांचा फोटो, रेशनकार्ड, जुन्या नोटांची एक पुरचुंडी आणि फडक्यात गुंडाळलेली थापी. मुठीचं लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं. आतेभाऊ म्हणाला, हे कशाला ठेवलं असेल म्हातारीनं? मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर फार मागं जावं लागतं.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. मुंबईत ठराव झाला आणि मराठवाड्यात घरं पेटली. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, विहिरी नासवल्या, हजारो माणसं बेघर झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. आमचं गावही त्याच जिल्ह्यातलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, अजून तिथंच राहतात आणि त्यांना तिथंच राहायचं आहे.

मी तेव्हा आईच्या कडेवर होते, म्हणून मला त्यातलं काही आठवत नाही. जे आहे ते सगळं आत्याचं. नवरा गेल्यावर पदरात मुलगा घेऊन ती माहेरी आली होती. आमचं घर म्हणजे तुराट्यांचा कूड, वर शेणामातीचा गिलावा आणि पाचटाचं छप्पर. ऐन पावसाळ्याचे दिवस. लहानपणी मला एकच कोडं पडायचं, पावसात घर पेटतं कसं? एकदा तिला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रॉकेल आणलं होतं त्यांनी. रेशनचं. त्या महिन्याला आपल्याला दिलंच नव्हतं, संपलं म्हणून सांगितलं होतं."

पुढचं तिनं कधी सलग सांगितलं नाही. ओढ्याच्या कडेनं ज्वारीत रात्र काढली. शेळी सोडायची राहिली. सकाळी उतरंडीतली मडकी तेवढी शाबूत होती, आणखी भाजून पक्की झालेली. हे सांगताना तिला हसू यायचं. ते हसू मला तेव्हा कळायचं नाही, आजही पूर्ण कळलंय असं म्हणता येणार नाही.

यापुढचा भाग मात्र मला दादांकडूनही ठाऊक आहे आणि मला तोच जास्त छळतो. जळिताच्या बातम्या पेपरात आल्या. त्यानंतर काय बांधलं गेलं ते कुणी लिहिलं नाही. मदत म्हणून पत्रे आले, बांबू आले, वस्ती पुन्हा उभी करायची ठरली. आता सगळंच नव्यानं बांधायचं होतं, तर ते कुठंही बांधता आलं असतं. शाळेजवळ पडीक होतं, रस्त्याच्या कडेला गायरान होतं. पण राखेतून जुन्या जोत्यांचे दगड वर डोकावत होते आणि नवी घरं त्याच दगडांवर उभी राहिली. ओढ्याच्या खालच्या अंगाला, तीच रांग, गावापासून तेवढंच अंतर. त्यासाठी कुणी हुकूम काढला नाही की मोजणीदार बोलावला नाही. भिंती उभ्या राहायला महिने लागले. अंतर मात्र पहिल्या दिवशीच जागेवर होतं.

दादा त्याच जागेवर अडून राहिले. "जागा सोडली की जागा त्यांची," हा त्यांचा हिशेब. आत्याचा हिशेब वेगळा होता. "जागा आपली आन् पाणी त्यांचं. मग जागा घेऊन काय करू?" बहीणभावाचं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. दिवाळीला फोन झाला तरी तिसऱ्या वाक्याला तेच निघायचं. दोघांचंही मला पटतं, आणि म्हणून दोघांचाही राग येतो.

मुलाला घेऊन ती निघाली. तेव्हा नांदेडची लाईन मीटर गेज होती, मनमाडला गाडी बदलावी लागायची. ओळख एवढीच की गावातलं एक कुटुंब 1972 च्या दुष्काळात पिंपरीला गेलं होतं. त्या दुष्काळानं मराठवाड्यातली किती माणसं या पट्ट्यात आणून टाकली! कारखाने तर आधीच उभे होते. 1954 ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. 1970 ला चार गावांची मिळून नगरपालिका झाली, 1982 ला महानगरपालिका. शहर उभं राहत होतं आणि त्याला पाट्या वाहणारी माणसं हवी होती. कारखान्यात कायम व्हायला आयटीआयचं सर्टिफिकेट लागायचं. पाटी उचलायला काही लागत नव्हतं. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्यानं टेम्पोत चढायचं.

पत्र्याच्या झोपडपट्टीतही गल्ल्या होत्याच. इथली परभणीकडची, पलीकडची लातूरकडची, आणि त्या गल्ल्यांच्या आत पुन्हा ज्याची त्याची गल्ली. नळ एकच होता आणि रांगही एकच. आत्याला त्याचंच अप्रूप. पहिल्या दिवशी तिचा हंडा पुढच्या बाईच्या हंड्याला लागला, ती थबकली, पण ती बाई मागं न बघताच म्हणाली, "सरकव की पुढं." पन्नासदा सांगितली असेल ही गोष्ट तिनं. हंडा लागला आणि काहीच झालं नाही, एवढीच गोष्ट.

पावसाळ्यात बांधकामं बंद असायची. मग ती पिंपरी कॅम्पात धुण्याभांड्याला जायची. फाळणीत सिंधमधून सगळं सोडून आलेल्यांसाठी सरकारनं इथं वसाहत केली. त्या माणसांनी बराकींतून उठून दुकानं थाटली, बाजारपेठ उभी केली. पिंपरीच्या बाजारात आज गर्दीत पाय ठरत नाही. आत्या जिच्याकडं कामाला होती त्या अम्मा तेव्हा साठीच्या पुढच्या. दुपारी काम आटोपलं की त्या आत्याला समोर बसवून चहा द्यायच्या आणि आपल्या सिंधमधल्या घराचं सांगायच्या. अंगण, विहीर, गच्चीवर झोपायच्या रात्री, कुलूप लावून आणलेली किल्ली. अर्धं हिंदी, अर्धं सिंधी. आत्याला त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण ते घर ती मला खोलीन् खोली सांगू शकायची.

एका 14 एप्रिलला पांढरं लुगडं नेसून ती पिंपरी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडं निघाली होती. अम्मांच्या सुनेनं तिला पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा मिळाला, कपही तोच होता. फक्त स्वयंपाकघरातलं काम सून करू लागली आणि आत्याकडं मोरीतलं राहिलं. कुणी काही बोललं नाही. मी हे ऐकून भडकले होते. म्हटलं, ज्यांचं स्वतःचं घर गेलं त्यांनी तरी! आत्या शांत. "तिचं पण जळालंच होतं की." पुढं झोपडीवर नवे पत्रे घालायला पैसे कमी पडले तेव्हा अम्मांनीच उसने दिले, ते परत मागितलेही नाहीत. एवढं सगळं खरं, पण आत्याच्या बोलण्यात एक बारीक सल यायचा, आणि तो कपाचा नव्हता की मोरीचा नव्हता. "इतकी वर्षं तिचं घर ऐकलं. तिनं एकदा विचारलं न्हाई, तुझं कसं होतं म्हणून."

मग निगडीची ओटा स्कीम आली. ज्यांना जागा मिळाली त्यांना ओटा तेवढा बांधून मिळायचा. भिंती, छप्पर, दार ज्याचं त्यानं बघायचं. आत्याचा नंबर लागला. आता बांधकामावरच्या बाईची गंमत बघा. वाळू ती चाळणार, माल ती कालवणार, विटा ती भिजवणार आणि उचलून देणार, भिंतीला पाणी ती मारणार, पण थापी गवंड्याच्या हातात. जन्मभर माल कालवूनही बाई बिगारीच राहते आणि तिची मजुरी गवंड्याच्या निम्म्यावर. शिकवत कुणी नाही. आत्या बघून बघून शिकली होती. आपल्या ओट्यावर तिनं गवंडी लावलाच नाही. कुठून तरी थापी आणली, दोरी बांधली, ओळंबा सोडला आणि कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी दोन-तीन थर. शेजारच्या गल्लीतले गवंडी येऊन बघायचे, हसायचे. मागची भिंत थोडी पोटात गेली होती, ती अजून तशीच आहे. पण ओल नाही. ओलीच्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा.

दहावीनंतर दादांनी मला तिच्याकडं शिकायला पाठवलं. दादा स्वतः गाव सोडायचे नाहीत, पण मला मात्र सोडायला लावलं. तिच्याकडं मी दोन गोष्टी शिकले, भिंत वाचायला आणि 25 डिसेंबरला पायी देहूरोडला जायला. 1954 साली त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. निगडीहून हायवेच्या कडेनं माणसांची रीघ लागते. तुकोबांचं देहू तिथून फार लांब नाही. आत्या एकाच दिवशी दोन्हीकडं जाऊन यायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "दोघंबी आपलेच. तुला काय त्रास?"

14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षं. आधी नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं होतं, त्यामुळं आमच्या गल्लीत त्या दिवशी गुलाल उधळताना माणसं रडतही होती. आत्यानं काहीच केलं नाही. रोजच्यासारखी कामावर गेली. नंतर मी त्याच विद्यापीठात इतिहास घेऊन एम.ए. केलं. पदवीचं प्रमाणपत्र घेऊन आले तेव्हा तिनं त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. अक्षरओळख तिला नव्हती, म्हणून विचारलं, "कुठंपासून कुठंपर्यंत आहे?" मी दाखवलं. तिनं वितीनं मोजलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी!" तो आनंद होता की संताप, हे तिच्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन फ्रेम करून आणली.

मी शाळेत इतिहास शिकवते. एकदा घरी बसून अमेरिकेच्या धड्याची तयारी करत होते, तर तिनं सगळं वाचून दाखवायला लावलं. 1865 ला तिथलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली. इकडं जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेमागचा काळ मला नेहमी चटका लावतो. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेत काळी माणसं मतं देत होती, निवडून येत होती. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात तर बहुमत त्यांचं होतं. जोतीरावांना पुण्यात बसून वाटलं असणार, बघा, होतं, करता येतं! पुढं चारच वर्षांत, 1877 ला, केंद्रानं दक्षिणेवरचा लष्करी पहारा काढून घेतला आणि जुने मालक परतले. युद्धात जळालेली गावं पुन्हा बांधली गेली, रेल्वे पुन्हा जोडली गेली, आणि त्याच रेल्वेत काळ्यांचा डबा वेगळा झाला. 1896 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. जोतीरावांना जाऊन तोवर जवळपास सहा वर्षं झाली होती. निदान हे त्यांना बघावं लागलं नाही.

आत्या लक्ष देऊन ऐकत होती. "डब्यावर बोर्ड असायचा?"

"असायचा. नळावरसुद्धा असायचा."

"मग बरं होतं की. विचारत बसायला नको, कुठं बसू म्हणून."

बरं काही नव्हतं, आणि मी तिला तसं सांगितलं. झाडाला टांगून मारलेल्या माणसांचं सांगितलं. तिनं विचारलं, "घरं जाळायचे?" मी म्हटलं, जाळायचे. तिनं तांदूळ निवडायला घेतले. मग बऱ्याच वेळानं, "उठून गेली असतील माणसं." गेली. लाखांनी गेली, शिकागोला, डेट्रॉइटला, मोटारींच्या कारखान्यांत. आणि तिथं गेल्यावर? तिथंही त्यांच्या वस्त्या वेगळ्या पडल्या. हे मी सांगायच्या आतच ती म्हणाली, "खोली मिळाली का पण?"

तिचा नातू आता चाकणला एका मोटारींच्या पार्टच्या कंपनीत कंत्राटावर आहे. चाकणच्या आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी कांद्याच्या रानात खोल्यांच्या रांगा काढल्या आहेत. बिहारपासून बीडपर्यंतचे पोरगे तिथं राहतात. निगडीहून रोजचं जाणं-येणं, त्यात तळवडे-चाकण रस्त्यावरचं ट्रॅफिक, नातू मेटाकुटीला आला होता. खोली बघायला आत्या त्याच्याबरोबर गेली, मलाही घेऊन. मालकाचं बोलणं गोड. कुठं कामाला, फॅमिली का बॅचलर, पाणी दोन वेळा येतं, लाइटबिल वेगळं. डिपॉझिट ठरलं. मग सहज विचारावं तसं, "गाव कुठलं म्हणालात? आणि आडनाव?" नातवानं सांगितलं. मालक एकदम आठवल्यासारखं करून म्हणाला, "अरे हो, ही कालच एकाला शब्द देऊन बसलोय. बायको म्हणाली होती, माझ्याच ध्यानात नाही राहिलं."

नातवाचा चेहरा उतरला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आत्या पुढं झाली. भिंतीवर हात ठेवला, पेरानं दोनदा वाजवली, वर स्लॅबकडं बघितलं. "चार इंची भिंत हाय. पाणीबी नीट मारलेलं न्हाई. चल रे, आपल्याला नको ही खोली." आणि मालकाला वर सांगितलं, "दुरुस्त करून घ्या. लेकरं राहत्यात इथं, अंगावर पडायची कुणाच्या."

बसमध्ये नातू कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं ही आता काही बोलेल, गावाचं, जळिताचं. ती बोलली, पण भिंतीचंच. चार इंची भिंत कशी ओळखायची, आवाजावरून कसं कळतं, विटा भिजवल्या नाहीत तर काय होतं. नातवाला हे सगळं सांगून झाल्यावर तिथंच डोळे मिटून बसली. नातवाला नंतर एका मित्राच्या नावावर खोली मिळाली. दारावर त्याचं आडनाव नाही.

तिच्या जाण्यानं नेमकं काय गेलं, याचा मी गेले काही महिने विचार करते आहे. घर आहे. मागची भिंत पोटात गेलेली असली तरी उभी आहे. पण त्या जळलेल्या घरात कुठं काय होतं हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. उतरंड कोणत्या कोपऱ्यात, चुलीचं तोंड कुठल्या दिशेला, शेळी कुठं बांधायची. दादांना विचारलं तर त्यांना नवंच घर आठवतं. त्याच जोत्यावर इतकी वर्षं राहून जुनं त्याच्याखाली गेलं. आई मला लवकरच सोडून गेली. अम्मांच्या सिंधमधल्या घराचा नकाशा मात्र मी आजही कागदावर काढून देऊ शकते, आत्यानं सांगितला तसाच. विहीर डावीकडं, जिना आतून.

थापीवरून आतेभावाशी थोडी बोलाचाली झाली. त्याचं म्हणणं, बापाची आठवण असती तर ठेवली असती, हे हत्यार ठेवून काय करायचं. त्याला ती बिगारी होती हे फारसं कुणाला सांगावंसं वाटत नाही. मी त्याला दोष देत नाही. कंपनीत त्यानं आईबद्दल काय सांगितलंय, ते त्याचं त्याला ठाऊक. थापी मी आणली. सध्या ती माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, आणि मला भिंतीतलं काहीही येत नाही.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाची कार्डं छापायची होती. प्रेसवाल्यानं मजकूर मागितला. नाव, तारीख, स्थळ, सगळं झालं. मग तो म्हणाला, मूळ गाव टाकायचं का? बरेच जण टाकतात. आतेभाऊ म्हणाला, गरज नाही. दादा आदल्या दिवशीच येऊन पोहोचले होते. ते म्हणाले, टाका. मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं टाका. ती तिथली होती. आतेभाऊ म्हणाला, मामा, ती तिथली असती तर इथं कशाला आली असती? दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी प्रेसवाल्याला म्हटलं, उद्या सांगते. रात्री पुन्हा तोच विषय, पुन्हा तेच पाणी आणि तीच जागा. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला आता आत्याच्या ऐवजी तिचा मुलगा.

शेवटी कार्डावर 'ओटा स्कीम, निगडी' एवढंच छापलं. दादा काही बोलले नाहीत. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसले, भन्तेजींच्या मागोमाग वंदना म्हटली, जेवले. संध्याकाळी निघताना उरलेली कार्डं मागून घेतली. खिशातलं पेन काढून प्रत्येक कार्डावर खाली स्वतःच्या हातानं गावाचं नाव लिहिलं आणि गठ्ठा पिशवीत टाकला. कुणाला द्यायची म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वस्तीत तर देणारच. पण ओढ्याच्या वरच्या अंगालापण घरं हायत ना? तिथं घरोघर जाऊन देतो."